मापात पाप

शास्त्रपाठ : अनुवाद २५:१३–१६, आमोस ८:४–६, लूक ६:३७–३८



बेळगावकडच्या आमच्या जुन्या घरात एक पितळी चिपटे अजून जपून ठेवलेले आहे. त्याने आता कोणी काही मोजत नाही. चिपटे म्हणजे काय हे घरातल्या लहान मुलांना ठाऊकही नाही. ती त्याला "आजीचा जुना पेला" म्हणतात. परंतु आमच्या पिढीतील पुष्कळ वाचकांनी शाळेत मापांची कोष्टके मोठ्याने म्हणून पाठ केली असतील. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर. पुढे दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. सर्वांत लहान निळवे म्हणजे शेराचा सोळावा हिस्सा. कोष्टक कसे सरळ आहे पाहा! पायलीपर्यंत प्रत्येक पायरीला दुप्पट. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिलाही हा हिशेब तोंडपाठ असे, कारण घरातल्या माणसांची पोटे त्यावर अवलंबून होती.

ही झाली धान्याची मापे. तोलण्याची वजने निराळी. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, पाच तोळ्यांची छटाक, सोळा छटाकांचा म्हणजे ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर, आणि चाळीस शेरांचा मण. गुंज हे एका वेलीचे बी आहे. लालभडक, आणि डोक्यावर काळा ठिपका. देवाने रानात उगवलेले हे बी सोनाराच्या तागडीत जाऊन बसले. शहाण्णव गुंजांचा एक तोळा होतो, तेव्हा एका गुंजेचे वजन जेमतेम ग्रॅमच्या आठव्या हिश्शाएवढे भरते. इंग्रजी अमदानीत १८३३ साली तोळ्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ११.६६ ग्रॅम ठरवण्यात आले. १८३५ सालापासूनचा चांदीचा रुपयाही नेमका तेवढ्याच वजनाचा असे. म्हणून ज्या वाण्याजवळ वजने नसत तो तागडीत ऐंशी रुपये टाकून शेर तोलू शके.

हे सारे आज इतिहासजमा झाले आहे. १९५६ साली भारत सरकारने मापांचा नवा कायदा केला, आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम व लिटर आले. शेर, पायली, मण ही वजनेमापे माळ्यावर गेली. परंतु भाषेतून ती गेली नाहीत. अजूनही आपण नाजूक प्रकृतीच्या माणसाला तोळामासा म्हणतो, शेराला सव्वाशेर भेटला म्हणतो, स्वस्त झालेल्या वस्तूला पायलीचे पन्नास म्हणतो. आणि आणखी दोन शब्द आपल्या लोकांनी अनुभवातून घडवले आहेत, तेच आज मननासाठी घेतले आहेत : मापात पाप.

दोन मापे

मापात पाप कसे शिरते? पूर्वी शेर सर्वत्र एकसारखा नव्हता. एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेत चालत नसे. कच्चा शेर निराळा, पक्का शेर निराळा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा दूरदूरच्या गावी वसलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना हे चांगले ठाऊक होते. एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवले की पहिल्या महिन्यात दाणे कमी का पडले याचा उलगडा व्हायला वेळ लागे. फरक असणे हे काही पाप नव्हे. परंतु जेथे माप निश्चित नसते तेथे लोभाला जागा मिळते. घेताना एक पायली, देताना दुसरी. पायलीच्या तळाशी काही चिकटवून ती उथळ करायची. तागडीच्या दोन पारड्यांत मुळातच फरक असेल तर तो भरून काढण्यासाठी हलक्या बाजूला पासंग बांधतात, तो भलत्या बाजूला बांधायचा. काटा मारणे, दांडी मारणे हे शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगीच आलेले नाहीत.

मोशेच्या द्वारे देवाने इस्राएल लोकांना जे नियम दिले त्यांत नेमकी हीच गोष्ट आहे. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितले आहे की, तुझ्या पिशवीत वजनाचे दोन तऱ्हेचे दगड, एक मोठा व एक लहान, नसावेत, आणि तुझ्या घरात दोन तऱ्हेचे एफा नसावेत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही आज्ञा माप वापरण्याविषयीच आहे असे नाही, तर माप जवळ बाळगण्याविषयी आहे. दुसरा दगड पिशवीत असूच नये. कोणी म्हणेल, "आम्ही तो कधी वापरला नाही." देव विचारतो, "मग तो ठेवला कशाला?"

त्या काळी वजने दगडाची असत. इब्री भाषेत वजनाला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थच दगड. यहूदा देशात असे कितीतरी लहान, घुमटासारखे घासलेले दगड उत्खननात सापडले आहेत, आणि काहींवर नावेही कोरलेली आहेत. एकावर बेका असे आहे. बेका म्हणजे अर्धा शेकेल, हे निर्गमाच्या अडतिसाव्या अध्यायात दिलेले आहे. दुसऱ्यावर पीम असे आहे. हा शब्द पवित्र शास्त्रात एकाच ठिकाणी, १ शमुवेल १३:२१ मध्ये येतो. शेकडो वर्षे भाषांतरकारांना त्याचा अर्थ लागत नव्हता. विसाव्या शतकात हे दगड हाती आले तेव्हा उमगले की पीम हे सुमारे दोन तृतीयांश शेकेलाचे वजन होते, आणि पलिष्टी लोहार इस्राएली शेतकऱ्याकडून नांगराचा फाळ धारदार करून देण्याचे तेवढे मोल घेत असत. बारीकशा दगडाने शास्त्रातील एका वचनाचा अर्थ उजेडात आणला!

आणि हे दगड तोलून पाहिल्यावर शेकेलाचे वजन सुमारे ११.४ ग्रॅम भरते. आपला तोळा ११.६६ ग्रॅमचा. दोहोंत फरक किती थोडा! यरुशलेमेच्या बाजारातील माणूस आणि आपल्या गावच्या पेठेतील माणूस जवळजवळ सारख्याच वजनाने चांदी तोलत होते. तेव्हा मोशे व आमोस यांचे शब्द वाचताना ते कोठल्या तरी परक्या व्यवहाराविषयी आहेत असे समजू नये. ते आपल्याच तागडीविषयी आहेत.

आमोसाचे गिऱ्हाईक

आमोस संदेष्टा आठव्या अध्यायात धान्याच्या व्यापाऱ्यांचे चित्र काढतो. ते लोक शब्बाथ पाळत होते. चंद्रदर्शनाचा सणही पाळत होते. परंतु मंदिरात बसून ते मनात म्हणत, हा दिवस संपतो कधी आणि आपण कोठारे उघडतो कधी! आणि कोठार उघडले की ते काय करीत? एफा लहान करीत आणि शेकेल मोठा करीत. हे दोन्ही एकाच वेळी कसे, हे नीट समजून घेऊ. एफा हे धान्याचे माप, सुमारे बावीस लिटरांचे मानले जाते. ते लहान केले म्हणजे गिऱ्हाइकाला धान्य कमी मिळाले. त्या काळी शिक्क्याची नाणी नव्हती. गिऱ्हाईक तुकड्यांनी चांदी आणी, आणि ती शेकेलाच्या दगडाने तोलून घेत. तो दगड जड केला म्हणजे गिऱ्हाइकाची चांदी जास्त गेली. गरिबाला एकाच व्यवहारात दोनदा लुबाडले. वर, आमोस म्हणतो, धान्यात भूसही विकले.

प्रियजनहो, हे सारे वाचून आपण मान हलवतो आणि म्हणतो, "व्यापारी लोक असेच!" आपल्यापैकी बहुतेक जण नोकरदार, शिक्षक, परिचारिका, पेन्शनर. आपल्या घरी तागडी नाही. मग आपल्याला या वचनांशी काय कर्तव्य आहे?

येथेच प्रभु येशू आपल्या दारी येऊन उभा राहतो. लूकाच्या सहाव्या अध्यायात दाबून, हालवून, ओसंडेपर्यंत भरलेल्या मापाची गोष्ट आहे. ज्याने धान्य मोजताना पाहिले आहे त्याला ती लगेच समजते. पायली नुसती भरली की दाणे पोकळ बसतात. वरून दाबले की खाली बसतात. मापाला हलकेच हालवले की आणखी जागा होते. मग वरून पुन्हा घातले की शीग चढते, आणि शीग ढासळून दाणे घेणाऱ्याच्या पदरात पडतात. उदार माणूस शीग लावून देतो, कंजूस माणूस हाताची कड फिरवून सपाट करून देतो. आपण हे वचन बहुधा दानार्पणाच्या वेळी वाचतो. परंतु त्याच्या आधीचे वचन पाहा. तेथे दोष काढण्याची आणि क्षमा करण्याची गोष्ट आहे. प्रभु ज्या मापाविषयी बोलत आहे ते पहिल्याने न्यायाचे व क्षमेचे माप आहे, आणि मग दानाचे. ही तागडी प्रत्येकाच्या घरी आहे. ती जिभेच्या मागे टांगलेली असते.

आमच्या मुलाचे गुण कमी पडले तर पेपर कठीण होता, शेजाऱ्याच्या मुलाचे कमी पडले तर तो उनाड आहे. आम्ही उपासनेला उशिरा आलो तर बस चुकली, दुसरा उशिरा आला तर त्याला भक्तीची आस्था नाही. आमचा राग हा सत्याचा आवेश, दुसऱ्याचा राग हा देहस्वभाव. एक दगड आपल्यासाठी, एक दगड परक्यासाठी, आणि दोन्ही एकाच पिशवीत.

आमची कबुली

येथे आम्हांला एक गोष्ट लिहिली पाहिजे. ती लिहू नये असे पुष्कळदा वाटले, परंतु या विषयावर लिहायला बसलो आणि ती टाळली, तर हा लेखच एक खोटे माप होईल.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका मंडळीच्या पंचकमिटीवर होतो. त्या वर्षी काही सभासदांची वर्गणी थकली होती. त्यांत एक गिरणीकामगार बंधू होते, ज्यांची गिरणी बंद पडलेली होती. रक्कम अगदी किरकोळ होती. एका रविवारी उपासनेनंतरच्या सभेत थकबाकीदार म्हणून त्यांचे नाव मोठ्याने वाचण्यात आले. ते शेवटच्या बाकावर आपल्या दोन मुलांना घेऊन बसले होते. त्याच यादीत आणखी एक नाव होते. ते गृहस्थ चांगल्या हुद्द्यावर होते, आणि त्यांची बाकी त्याहून कितीतरी अधिक होती. ते नाव वाचले गेले नाही. "त्यांच्याशी आपण घरी जाऊन बोलू" असे बैठकीत ठरले होते. ठरवणाऱ्यांत आम्ही होतो. आम्ही हात वर केला नव्हता, पण विरोधही केला नव्हता. गप्प बसलो होतो.

आपल्या शास्त्रात अर्ध्या शेकेलाचा नियम आहे. निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात, लोकांची गणती होत असता प्रत्येकाने पवित्रस्थानाच्या शेकेलाप्रमाणे अर्धा शेकेल द्यावा, धनवानाने अधिक देऊ नये आणि गरिबाने कमी देऊ नये, असे सांगितले आहे. अर्धा शेकेल म्हणजे जवळजवळ अर्धा तोळा चांदी. देवासमोर जिवाचे मोल सर्वांचे सारखे, म्हणून तागडीही सर्वांना एकच. हा पाठ आम्ही त्याच वर्षी शाब्बाथ शाळेत शिकवला होता. शिकवला, आणि सभेत दोन दगड वापरले.

ते बंधू पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दोन-तीन महिन्यांनी आमच्या मनाची टोचणी असह्य झाली, तेव्हा आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला. "तुम्ही आलात, बरे वाटले," एवढेच ते म्हणाले. पुढे ते अधूनमधून उपासनेला येऊ लागले. परंतु त्यांची मुले शाब्बाथ शाळेत पुन्हा कधी आली नाहीत. ती आता मोठी झाली असतील. ती कोठे आहेत, प्रभूला मानतात की नाही, आम्हांला ठाऊक नाही. काही मापे अशी असतात की कमी दिलेले मागाहून भरून देता येत नाही.

जक्कयाची गोष्ट आठवा. प्रभु घरी आल्यावर त्याने नुसते डोळे पुसले नाहीत. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट, असा त्याने उभे राहून हिशेब मांडला. खरा पश्चात्ताप आकड्यांत बोलतो. ज्याला अजून परत करता येण्याजोगे आहे त्याने आजच करावे. आमच्यासारखा उशीर करू नये.

नाव तोळ्याचे

आता सराफ बाजारातील एक गोष्ट. आज आपण सोने घ्यायला जातो तेव्हा तोळ्याचा भाव विचारतो. सराफही तोळाच म्हणतो. परंतु तो तोळा आता बहुधा दहा ग्रॅमचा असतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. म्हणजे जवळजवळ चौदा गुंजा उतरल्या, पण नाव तेच राहिले. व्यवहारात यात फसवणूक नाही, कारण पावतीवर ग्रॅम लिहिलेले असतात आणि भावही त्याचाच असतो. परंतु आत्मिक जीवनात हा प्रकार फार घातक आहे. नाव जुनेच राहते, आणि वजन हळूहळू उतरते. आजोबांनी ख्रिस्ताकरता घरदार, नातीगोती, गावची विहीर सोडली. वडिलांनी तेच नाव प्रतिष्ठेने चालवले. आपण ते नाव दाखल्यावर लिहितो. तिन्ही पिढ्या ख्रिस्तीच. पण देवाच्या तागडीत घातले तर?

बेलशस्सर राजाच्या मेजवानीत भिंतीवर जे शब्द उमटले तेही अभ्यासकांच्या मते वजनांचीच नावे आहेत. मने म्हणजे मीना, तेकेल म्हणजे शेकेल, आणि परेस म्हणजे अर्धा भाग. दानीएलाने त्यांचा अर्थ सांगितला की, राजा, तू तागडीत तोलला गेलास आणि उणा भरलास. यरुशलेमेच्या मंदिरातील सोन्याचे प्याले त्याच्या मेजावर होते. पवित्र भांडी हातात होती, पवित्र वजन अंगात नव्हते.

मापाचे माप

कोणी विचारील, "आम्ही आपले वजन कशावर तोलावे? शेजाऱ्यावर? पाळकांवर?" जगातील मापांचा इतिहास येथे मोठा बोधक आहे. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ सेव्र येथे एक धातूचे वजन तीन काचांच्या आवरणाखाली कुलूपबंद ठेवलेले आहे. १८८९ सालापासून सगळ्या जगाचा किलोग्रॅम त्यावरून ठरत असे. त्याच्या प्रती निरनिराळ्या देशांना दिल्या गेल्या, आपल्या देशाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभर वर्षांत त्या प्रती पुन्हा आणून ताडून पाहिल्या, तेव्हा मूळ वजन आणि प्रती यांत सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमपर्यंत फरक पडलेला आढळला. फरक अतिसूक्ष्म, पण प्रश्न मोठा. प्रत बदलली की मूळच बदलले? ज्यावरून सारे तोलायचे तेच हलले तर खरे-खोटे कोणी सांगावे? शेवटी शास्त्रज्ञांनी ते धातूचे वजन बाजूला ठेवले, आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅम निसर्गाच्या एका न बदलणाऱ्या स्थिरांकावरून ठरवला जाऊ लागला.

बंधुभगिनींनो, माणसाच्या हाताने घडवलेले उत्तमातले उत्तम मापही झिजते. पाळक झिजतात, पंच झिजतात, आमच्यासारखे लिहिणारेही झिजतात. म्हणून पवित्र शास्त्र पवित्रस्थानाच्या शेकेलाची आठवण देते. जो काल, आज व युगानुयुग तोच आहे, त्या ख्रिस्तावरच आपण स्वतःला तोलावे. आणि तोलावे वारंवार. दुकानदाराच्या वजनांवर सरकारी निरीक्षकाचा शिक्का असावा लागतो, आणि तो ठराविक मुदतीने नवा करून घ्यावा लागतो. १ एप्रिल २०११ पासून लागू असलेल्या सध्याच्या कायद्यातही ही पडताळणी आहे. लोखंडाच्या वजनाला जर ती लागते, तर मनाला लागणार नाही काय? प्रभुभोजनाच्या मेजाकडे येण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असे पौल करिंथकरांस सांगतो. तेथे वापरलेला ग्रीक शब्द धातू व नाणी पारखण्यासाठीही वापरीत. ते मेज म्हणजे आपली पडताळणीची जागा आहे.

लहान मापांचा देव

आतापर्यंत तागडीची भीती सांगितली. आता सुवार्ता ऐका. देव मापे तपासतो हे खरे, पण तो लहान मापांचा तिरस्कार करीत नाही. सारफथच्या विधवेजवळ मडक्यात मूठभर पीठ होते. तिच्याकडे आपले निळवे भरून निघाले असते की नाही कोण जाणे, पण देवाने ते मडके रिते होऊ दिले नाही. मंदिराच्या भांडारात विधवेने दोन टोल्या टाकल्या, आणि सर्व पेट्यांतील चांदीपेक्षा प्रभूने त्या जड मानल्या. रूथने वेचलेले सातू झोडले ते सुमारे एक एफा भरले, आणि बवाजाने आणखी सहा मापे तिच्या पदरात मोजून घातली. त्या मोजण्यातून दावीदाचे घराणे उभे राहिले, आणि त्या घराण्यात आपला तारणारा जन्मला.

आपल्याच देशात मिझोराममध्ये १९१० सालापासून मंडळीतील स्त्रिया रोज भात शिजवण्यापूर्वी मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढत आल्या आहेत. मूठ ती केवढी! पण घराघरातील त्या मुठींतून आज कोट्यवधी रुपयांचे सेवाकार्य चालते. मूठ, चिमूट, पसा, ओंजळ ही देवाने आपल्या हातालाच दिलेली मापे आहेत. ती कायद्याने बंद होत नाहीत.

आता त्या पितळी चिपट्याकडे परत येऊ. त्याच्या तळाला आत दबलेला पोचा आहे. एकदा ते दगडावर पडले होते, तेव्हापासून त्यात दाणे थोडे कमी मावतात. शेजारीण उसने तांदूळ न्यायला आली की आमची आजी त्याच चिपट्याने मोजून देई, आणि वर एक मूठ घाली. तांदूळ परत आले की त्याच चिपट्याने घेई, पण तेव्हा मूठ मागत नसे. एकदा आजोबा म्हणाले, "अगं, देताना मूठ घालतेस, मग घेताना का घेत नाहीस? हिशेब बरोबर तरी होईल." आजी म्हणाली, "अहो, देताना चुकले तर तिच्या पोराच्या ताटात कमी पडेल. घेताना चुकले तर आपल्या डब्यात. डब्याला भूक लागत नाही."

आजीजवळही एका अर्थी दोन मापे होती. पण ती उलटी होती. देताना मोठे, घेताना लहान. कृपा म्हणतात ती हीच. आपल्या सर्वांच्या आयुष्याच्या तळाला पोचा आहे. देवाने सपाट मोजून घेतले असते तर आपल्यापैकी कोण पुरा भरला असता? पण वधस्तंभावर त्याने जी आपल्या पारड्यात घातली ती मूठ नव्हे, आपला एकुलता एक पुत्र आहे. ज्याला असे शीग लावून मिळाले, त्याने आपल्या भावाला हाताची कड फिरवून सपाट करून द्यावे काय?

रानातील मान्न्याची गोष्ट आठवा. प्रत्येकी एक ओमर, म्हणजे एफाचा दहावा भाग. कोणी अधिक गोळा केला, कोणी कमी. पण मोजून पाहिले तेव्हा अधिकवाल्याजवळ उरला नाही आणि कमीवाल्याला तुटला नाही. पौलाने हीच गोष्ट करिंथ येथील मंडळीला यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना सांगितली. मंडळीतील माप असे असावे.

शाब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

हा पाठ मुलांना हातात माप देऊन शिकवावा. घरोघरी विचारल्यास एखादे जुने मापटे किंवा चिपटे अजून मिळते. न मिळाल्यास दोन सारख्या दिसणाऱ्या वाट्या घ्या, आणि मुलांना न सांगता एकीच्या तळाशी कणकेचा पातळ थर लावून ती वाळवून ठेवा. दोन्हींनी तांदूळ मोजायला सांगा. मुले स्वतःच ओरडतील, "बाई, ही वाटी खोटी आहे!" मग विचारा, "ही बाहेरून ओळखता आली का?" नंतर आमोस ८:५ वाचा. दुसऱ्या वेळी एका मुलाला वाटी सपाट भरायला सांगा, दुसऱ्याला दाबून, हालवून, शीग लावून भरायला सांगा, आणि दोन्ही तांदूळ कागदावर शेजारी-शेजारी ओता. लूक ६:३८ चा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. शेवटी प्रत्येक मुलाने या आठवड्यात आपल्या भावंडाला किंवा मित्राला कोणत्या गोष्टीत कमी माप दिले, हे मनातल्या मनात देवाला सांगावे. ते सर्वांपुढे बोलायला लावू नये. खरी गुंज दाखवायची असेल तर ती आपल्या हातातच ठेवा, मुलांना देऊ नका. ते बी विषारी असते, आणि चावले गेल्यास जिवावर बेतू शकते. मोठ्या मुलांना एवढे अवश्य सांगा की ज्या बियाने सोने तोलतात तेच बी चावले तर विष होते. न्याय करण्याचा अधिकारही तसाच आहे. देवाच्या भयाने वापरला तर तो खरे-खोटे तोलतो, त्याची चव घेत बसले तर तो माणूस मारतो.

प्रार्थना : हे न्यायी व दयाळू बापा, आमच्या पिशवीतील दुसरा दगड आम्हांला दाखव आणि तो टाकून देण्याचे धैर्य दे. ज्यांना आम्ही कमी मोजले त्यांच्या दारी आम्हांला ने, आणि जेथे आम्हांला पोहोचता येत नाही तेथे तू स्वतः जाऊन त्यांचे माप पुरे कर. तू आम्हांला जसे दिलेस तसे देण्यास आम्हांला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.